पडवीची मेख

बेलफास्टमध्ये कुठलीही गोष्ट मोठी नसते. चहा म्हणजे 'वी कप', बँकेत हवी असते ती 'वी सही', आणि डॉक्टर दंडात सुई खुपसतो तेही 'वी टोचणं'. वी म्हणजे इवलंसं. इथे नऊ वर्षं काढली, तरी समोरचा ज्याला इवलंसं म्हणतोय ते खरं केवढं असेल, याचा अंदाज मला अजून येत नाही. मे महिन्यातल्या जोडसुट्टीत पोर्टस्ट्युअर्टला समुद्राकाठी कॅरॅव्हान लावली, तेव्हा शेजारचे आजोबा म्हणाले, "रात्री वी वारा सुटेल हं." अलिबागजवळच्या नागावच्या मुलीला वाऱ्याचं काय सांगता, असं मनातल्या मनात म्हणून मी आत जाऊन खिचडी टाकली.

कॅरॅव्हानच्या दाराला लागून कापडाची एक खोली उभारतात. इथले लोक तिला ऑनिंग म्हणतात, आमच्या घरात ती पहिल्या दिवसापासून पडवी. चपला, ओले टॉवेल, शेगडी, सकाळचा चहा आणि नवरा-बायकोची भांडणं, सगळं पडवीत. जुनी कॅरॅव्हान घेतली तेव्हा तिच्याबरोबर पडवी आली आणि पडवीबरोबर एका पिशवीत तारेच्या वाकड्या खुंट्या आल्या, छत्रीच्या काडीला हूक काढावा तशा. त्या आम्ही दगडानं ठोकल्या. हातोडी घरी राहिली होती.

रात्री दोनला पडवी उठली. उडाली नाही, उठली, कुणीतरी झोपेतून उठावं तशी. एका अंगाच्या सगळ्या खुंट्या निघाल्या आणि कापड छपरावर आपटायला लागलं. नवरा पायजम्यावर खांब धरून उभा, मी कापडाच्या टोकावर फतकल मारून बसलेली, आणि मुलगी दारातून टॉर्च दाखवत होती, आमच्याच डोळ्यांवर. उजाडेपर्यंत तसेच.

सकाळी आजोबा आले ते आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि बॅटरीवरचं ड्रिल घेऊन. डब्यात फूटभर लांबीच्या प्लास्टिकच्या खुंट्या होत्या. अंगाभोवती रुंद आटे, माथ्यावर षटकोनी बोंड आणि दोरी अडकवायला एक कान. ड्रिलचं तोंड बोंडावर बसवून त्यांनी अगदी सावकाश फिरवलं. घर्र घर्र करत खुंटी खाली गेली. वाळू उसळली नाही, की भोवती खड्डा पडला नाही. आमच्या घरी काम करणारा सुतार गिरमिट फिरवायचा, लाकडाचा भुगा वर यायचा आणि पोलाद आत शिरायचं, तेच इथे वाळूत चाललं होतं. शेवटचे दोन वेढे त्यांनी मला हातानं द्यायला लावले. वाळू मनगटाला जाणवते. आधी नुसतं करकरतं, मग एकाएकी हात जड होतो, जणू खालून कुणी धरलं. "आता थांब," आजोबा म्हणाले. "आणखी फिरवलंस तर पकड सुटेल."

ही जादू नाही, हिशेब आहे. सरळ खुंटीला वाळू फक्त कडेनं धरून असते. वाऱ्यानं दोरीला हिसका दिला की खुंटी स्वतःभोवती जागा करते आणि पुढच्या हिसक्यांत मोकळी होते. खुंटा हलवून बळकट करावा म्हणतात, पण तो माणसानं. माणूस हलवून पाहतो आणि सैल असला तर पुन्हा ठोकतो. वाऱ्याला फक्त हलवायचं असतं. आट्यांच्या खुंटीची गोष्ट वेगळी. ती वर यायची तर आट्यांच्या डोक्यावर बसलेली सगळी वाळू तिला उचलावी लागते. म्हणजे जी वाळू सरळ खुंटीला नीट धरत नव्हती, तिचंच ओझं आता कामाला येतं.

अर्थात जमीन वाळूची किंवा मातीची हवी. पुढच्या महिन्यात मोर्नच्या डोंगरांकडे गेलो, तिथे खाली ग्रॅनाइट. चार खुंट्यांचे आटे मोडून मी शहाणी झाले. दगडाळ जागी बारीक पोलादी खिळाच बरा, आणि आट्यांच्या खुंटीला हातोडी लावणं म्हणजे तर निव्वळ पाप.

आजोबांनीच जाता जाता सांगितलं की ही युक्ती मुळात आमच्या बेलफास्टची. मला वाटलं, टायटॅनिक बांधणारं गाव, कशालाही आमचंच म्हणायचं. पण ते खरं निघालं. अलेक्झांडर मिचेल हा बेलफास्टचा विटांचा कारखानदार, ऐन बाविशीच्या सुमारास पूर्ण आंधळा झालेला. त्यानं १८३३ साली आट्यांच्या लोखंडी खांबाचं पेटंट घेतलं. हेतू असा की जिथे खडक लागतच नाही, नुसता चिखल आणि सरकती वाळू आहे, तिथेही दीपगृह उभं राहावं. टेम्सच्या मुखाशी मॅप्लिनच्या वाळूत १८३८ साली त्यानं असे नऊ खांब पिळून घातले. त्यांच्या तळाचे आटे चार-चार फूट रुंद होते. कॉर्कच्या बंदरात कोव्हला १८५३ साली त्याच पद्धतीनं उभं केलेलं दीपगृह आजही पाण्यात पाय रोवून आहे. तिथे काम चालू असताना जॉर्ज बूलशी त्याची मैत्री झाली. बूल म्हणजे ज्याच्या हो-नाहीच्या गणितावर माझी नोकरी चालते तो. दुसरा मित्र आर्माच्या वेधशाळेतला रॉबिन्सन. गच्चीवर गरगर फिरणाऱ्या वाट्यांनी वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र याचं. एक वारा मोजणारा, एक वाऱ्यात टिकणारं बांधणारा, आणि एक नुसतं खरं-खोटं करणारा. या तिघांचा चहा कसा रंगत असेल!

मला चटका बसला तो पुढे. मिचेलचे हे खांब आपल्याकडेही आले होते. मुंबई-बडोदा रेल्वेचे पूल बांधताना लोखंडी खांब अशाच आट्यांवर नदीच्या तळात उतरवले. हिंदुस्थानातल्या तारेच्या खांबांनाही हाच पाया. म्हणजे विरारची लोकल ज्या मार्गावरून जाते, त्याच्या पायात एका आंधळ्या बेलफास्टकराचा पीळ होता, आणि ती लोकल पकडून दोन वर्षं कॉलेजला गेलेली मी इथे दगडानं तारा ठोकत होते. क्लिफ्टन स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीत तो पुरला आहे. एका शनिवारी जाऊन आले. पाऊस होता, अर्थातच वी.

डिसेंबरात घरी जाताना चोवीस खुंट्या बॅगेत भरल्या. शिवाय दोन मोठ्या पोलादी, दीड-दीड फुटी, मळसूत्रासारख्या पिळाच्या. दादासाठी. दादा माझा चुलतभाऊ. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ताशी ११०-१२० किलोमीटरच्या वाऱ्यानं. तेव्हा मी इथे टाळेबंदीत खिडकीशी बसून फोन लावत होते, आणि चार दिवस कुणाचाच लागला नाही. नारळ मुळासकट आडवे झाले, पोफळी मधूनच मोडल्या, पडवीचे पत्रे शेजाऱ्याच्या विहिरीत सापडले. पोफळ नव्यानं लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं. तेवढी वर्षं खायचं काय? म्हणून दादानं मोकळ्या झालेल्या वाडीत पर्यटकांसाठी तंबू टाकले. थंडीच्या मोसमात शनिवार-रविवार एक रिकामा नसतो.

"एवढ्या लांबून आणलंस काय, तर खुंट्या?" दादा म्हणाला. "अगं, निदान चॉकलेटं तरी."

त्याची स्वतःची पद्धत मी पाहिली आणि जरा ओशाळले. तो खुंटी ठोकतच नाही. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत वाळू भरतो, गळ्याला दोरी बांधतो, हातभर खड्डा खणून गोणी आडवी पुरतो आणि वर वाळू लोटतो. सुपारी तोलायचा ताणकाटा आणून आम्ही रीतसर परीक्षा घेतली. लोखंडी सळईची सरळ खुंटी काट्याची निम्मी खूणही न गाठता उपटली. माझी आट्यांची खुंटी काटा संपेपर्यंत टिकली. दादाची गोणीही टिकली. मग काटा बाजूला ठेवून दादा आणि त्याचा मदतनीस दोघं मिळून दोरी ओढायला लागले. माझी खुंटी तिरकी होत वर आली. गोणी जागची हलली नाही.

हे बघायला कोळीवाड्यातले एक काका कुंपणापाशी थांबले होते. ते हसले. त्यांचं सगळं आयुष्य डोलीच्या जाळ्यावर गेलं. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं. समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकून त्यांना ते बांधतात. भरती-ओहोटीची ओढ तोंडातून आत शिरते आणि बोंबील, जवळा घेऊन येते. "वाऱ्याचं काय घेऊन बसलीस, बाय," काका म्हणाले. "पाणी खेचतं तेव्हा बघ. आमचा खुंट चिखलात उभा ऱ्हातो तो चिखलाच्याच जिवावर." मी त्यांना मिचेलबद्दल सांगितलं. आंधळा होता म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "पाण्याखालचं दिसतंय कुणाला?"

गोणीचा एकच तोटा, खणायला वेळ लागतो. बारा तंबू, प्रत्येकाच्या सहा दोऱ्या. माझी खुंटी अर्ध्या मिनिटात आत जाते आणि उलटी फिरवली की तितक्याच वेळात बाहेर. म्हणून दादानं एक तृतीयांश दोऱ्यांना माझ्या खुंट्या लावल्या. समुद्राच्या बाजूला मात्र गोण्याच. त्याला मी बोलले नाही. २०२० मध्ये मी तिथे नव्हते.

जाता जाता एक आठवलं. अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, १९०४ सालची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याहून ती इकडे हलवली, आणि चुंबकाची सुई बिथरू नये म्हणून तिथल्या बांधकामात लोखंड टाळलं. तिथे कधी तंबू ठोकायची वेळ आलीच, तर प्लास्टिकच्या माझ्या खुंटीला तोड नाही. दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तिथे तंबू टाकायला देतंय कोण?"

राहिल्या त्या दोन मोठ्या पोलादी. त्यांना तंबूत काम नव्हतं. दादानं शर्यतीसाठी एक खोंड पाळलाय, पांढराशुभ्र, माजोरी. त्याच्यासाठी यातली एक गोठ्याबाहेर फिरवून घातली. दोन माणसांनी ओढून पाहिली, हलली नाही. दादा खूष. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्या कुठल्या वस्तूला "कामाची आहे" म्हटलं.

मी बेलफास्टला परतले आणि आठवड्यानं पहाटे फोन. खोंड सुटून शेजारच्या वाडीत, अळूचा सगळा वाफा फस्त. खुंटी मोडली नव्हती की वाकली नव्हती. खोंडाच्या दाव्याला लोंबत, अख्खीच्या अख्खी. मला उलगडायला जरा वेळ लागला. रात्रभर तो खुंटीभोवती गोल गोल फिरत होता, आणि दावं खुंटीच्या कानाला पक्कं बांधलेलं.

"दादा, तो कुठल्या बाजूनं फिरत होता?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. अंगणात कुणाला तरी विचारल्याचा आवाज आला.

"देवळात फिरतो त्याच्या उलट."

"मग झालं तर. प्रदक्षिणा घातली असती तर आणखी घट्ट झाली असती."

"आता हे त्याला तू सांग," दादा म्हणाला, आणि फोन खरोखरच गोठ्याकडे घेऊन गेला.