खाली न ठेवता येणारा पेला

करवंटी जमिनीवर ठेवली की कलंडते. म्हणून कोकणातल्या मिठबावात माडाखाली कुणी करवंटीतून काही प्यायला दिलं, तर ती हातातच धरायची, रिकामी करायची, मगच परत द्यायची. इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन थडग्यांतले काचेचे पेले मला परके वाटत नाहीत ते यामुळेच. केम्प्स्टनला सापडलेला शंकूसारखा पेला तळाशी इतका निमुळता आहे, की भरून उभा ठेवण्याची सोयच नाही. तळहातात मावणाऱ्या गोल बुडाच्या वाट्याही तशाच. संग्रहालयात त्यांना आधार द्यावा लागतो. त्यांचा खरा आधार माणसाचा हात.

पण माझा जीव अडकतो तो कॅसल ईडनच्या पेल्यात. 1775 मध्ये डरहॅम परगण्यात तो सापडला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच्या हिरवट काचेवर खाली वळलेल्या पोकळ नख्या आहेत. त्या घडवताना पेला फुंकणीवरच असे. तापलेल्या काचेचा गोळा अंगाला चिकटवायचा; त्याच्या धगीने तेवढीच जागा मऊ होते. लगेच फुंकायचं, फुगलेला भाग आकड्याने ओढायचा आणि टोक खाली चिकटवायचं. जरा उशीर झाला, तर काच निवलीच. असा पेला भरला की पेय नख्यांतही उतरतं. कारागिराच्या त्या चपळ हातांना माझा नमस्कार.

त्याच्याकडे काच यायची कुठून? वाळू इंग्लंडलाही होती. आपल्याकडेही मिठबावची पुळण आहे, कासार्ड्यात तर सिलिका वाळूच्या खाणीच आहेत. पण वाळू वितळायला क्षार लागतो. तो क्षार म्हणजे इजिप्तचा नेट्रॉन. त्यावर इजिप्त आणि पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरच्या मोठ्या भट्ट्या चालत. तिथली कच्ची काच ढेकळांच्या रूपात दूरदूर जाई. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रव्यापाराच्या ग्रंथात भरुचला उतरणाऱ्या मालात कच्च्या काचेची नोंद आहे. म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही हा माल ठाऊक होता. रोमन सत्ता मागे हटल्यावर ब्रिटनमध्ये नवी काच दुर्मीळ झाली. जुने पेले फुटले की तुकडे गोळा करून पुन्हा वितळवायचे.

अशा टंचाईत कुणी अख्खा पेला मृताशेजारी ठेवला, तर ती काच भट्टीला कायमची अंतरली. इंग्लंडमधल्या प्रिटलवेलच्या अँग्लो-सॅक्सन लाकडी दफनकक्षात 2003 मध्ये काचेचे पेले मिळाले, तेही जोडीजोडीने. जोडी का ठेवली असेल? पलीकडेही कुणासोबत प्यायचं असेल, असं मला मनापासून वाटतं. जिवंत माणसांनी वापरलेले बहुतेक पेले वितळून गेले. देऊन टाकलेले तेवढे राहिले.

सातव्या शतकात ख्रिस्ती धर्म रुजत गेला आणि थडग्यात वस्तू ठेवण्याची रीत मागे पडली. पुढच्या काळातल्या हॅम्विक बंदरात, म्हणजे आजच्या साउदॅम्प्टनमध्ये, काचेचे तुकडेच सापडतात. त्यांतले काही पुन्हा भट्टीत जायचे राहून गेलेले असावेत.