ओळखणारी दोन माणसे

अर्जाच्या शेवटच्या पानावर दोन चौकटी होत्या. अर्जदाराला ओळखणाऱ्या, पण नातेवाईक नसलेल्या दोन व्यक्तींची नावे, हुद्दा, पत्ता. उर्दूच्या सहायक प्राध्यापकाची जागा होती. एम.ए., बी.एड., सेट हे सगळे आम्ही एका बैठकीत भरले. त्या दोन चौकटींवर मात्र चार दिवस अडून बसलो.

आम्हाला ओळखणारे कमी नव्हते. आणि आमचे वाचन-लिखाण आतून-बाहेरून ठाऊक असलेला एक माणूस तर नक्की होता. अकोल्याचे मास्टरसाब, निवृत्त प्राथमिक शिक्षक. एम.ए.च्या दोन वर्षांत आम्ही दर रविवारी अमरावतीहून निघायचो, बडनेरा, मूर्तिजापूर करत अकोल्याला उतरायचो आणि ताजनापेठेतल्या त्यांच्या ओट्यावर मीर, गालिब वाचायला बसायचो. उच्चार चुकला की ओळ पुन्हा. एकदा एकाच शेरावर जोहरची असर झाली. पण 'हुद्दा' या रकान्यात त्यांचे काय लिहायचे?

महाविद्यालयातल्या बाबूने आमची अडचण ऐकून घेतली आणि म्हणाला, "सर, नावं कोनाचीबी लिहा. फोन कोनाचा येनार हाये, ते सांगा ना."

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत पदवी, पीएच.डी., नेट-सेट, शोधनिबंध, अनुभव अशा सगळ्यांचे गुण मांडून दिले होते. ते गुण मुलाखतीला बोलावण्यापुरते, निवड मुलाखतीवरच. ओळख देणाऱ्याला त्या तक्त्यात एकही गुण नव्हता. आम्हाला वाटते, कागदावर जागा नाही म्हणूनच तो फोनमधून आत शिरतो. इंग्लंड-अमेरिकेत असे पत्र शिक्षक परस्पर पाठवतो आणि अर्जदाराला ते बहुधा दिसतही नाही. आपल्याकडे ते अर्जदारच लिहून नेतो, साहेब सही करतात.

आम्हीही लिहून नेले. अमरावतीचे एक माजी प्राचार्य आम्हाला एका मुशायऱ्यात एकदाच भेटले होते. 'मी यांना अनेक वर्षे जवळून ओळखतो' असे त्यांच्या वतीने आम्हीच लिहिले होते. चहाचा कप खाली न ठेवता त्यांनी सही केली. दुसऱ्या चौकटीत एका संस्थाचालकांचे नाव गेले.

त्याच आठवड्यात मास्टरसाबांनी विचारले, "बेटा, फॉर्म में हमारा नाम कुछ काम आएगा क्या?"

"जरूरत नहीं पडी, मास्टरसाब."

मुलाखतीत तज्ज्ञांनी पत्र पाहिले आणि सहज विचारले, "सरांनी तुमचे काय वाचले आहे?" आम्हाला उत्तर देता आले नाही. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. तो लायक नव्हता असे आम्ही म्हणणार नाही; त्याची पीएच.डी. झालेली होती.

पुढच्या रविवारी आम्ही अकोल्याला जाऊन सगळे सांगून टाकले. मास्टरसाब रागावले नाहीत. हजरत उमर यांच्याविषयी सांगितली जाणारी एक गोष्ट त्यांनी सांगितली. एका माणसाची खात्री द्यायला दुसरा पुढे आला. उमर यांनी विचारले, तू त्याचा शेजारी आहेस का? त्याच्यासोबत प्रवास केलास? पैशाचा व्यवहार केलास? तिन्हींना उत्तर नाही असेच आले. मग तू त्याला मशिदीत नमाज पढतानाच पाहिले असशील, उमर म्हणाले. तू त्याला ओळखत नाहीस.

गोष्ट संपल्यावर मास्टरसाब आत गेले आणि एक घडी केलेला कागद घेऊन आले. आम्ही 'जरूरत नहीं' म्हणालो त्याच्या आधीच त्यांनी तो लिहून ठेवला होता. उर्दूत, बोरूच्या अक्षरात. आमचे शीन-काफ अजून कच्चे आहे, असे त्यात स्वच्छ लिहिले होते. पुढची ओळ अशी होती की हा माणूस मुलांसमोर खोटे बोलत नाही. ती आम्हाला त्यांच्यासमोर मोठ्याने वाचता येईना.

वर्षभराने दुसरी जाहिरात आली. चौकटी त्याच होत्या. पहिल्या चौकटीत आम्ही मास्टरसाबांचे नाव लिहिले आणि हुद्द्यापुढे लिहिले : निवृत्त शिक्षक, नगरपालिका उर्दू प्राथमिक शाळा, अकोला.