मामांची डिस्क

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फुटांची. गावभागातल्या मामांच्या घराचा तळमजला पाण्यात गेला, पण त्याआधी मामेभावानं कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून माडीवर नेली होती. पूर ओसरल्यावर ती डिस्क माझ्याकडे साताऱ्याला आली. हळदीच्या अडतीचा कित्येक वर्षांचा हिशेब तिच्यात होता आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या अडून राहिल्या होत्या.

यूएसबीला जोडताच डिस्क दिसली. मामांच्या खात्याचा फोल्डर मात्र उघडेना. परवानगी नाही म्हणे. मामेभाऊ फोनवर म्हणाला, "दादा, पासवर्ड तर दिलाय की तुला." पण कॉम्प्युटर पासवर्ड विचारतच नव्हता.

विंडोजमध्ये खातं उघडलं की त्याला 'एस-१-५-२१' असा सुरू होणारा लांबलचक क्रमांक मिळतो. फाइलचा मालक कोण, ती कुणी वाचायची, कुणी बदलायची, हे सगळं त्या क्रमांकावर नोंदलेलं असतं. माझ्या कॉम्प्युटरवर मामांच्या नावाचं, त्याच पासवर्डचं खातं काढलं असतं तरी क्रमांक वेगळाच पडला असता. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला सिक्युरिटीचा भाग उघडला, तर नावाच्या जागी नुसते आकडे होते. त्या आकड्यांचा धनी कोण, हे सांगणारी विंडोज त्याच डिस्कवर निजलेली होती; चालू होती ती माझी, आणि तिला ते ठाऊक नव्हतं.

एका दुरुस्तीवाल्यानं सुचवलं, अख्ख्या डिस्कवर 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे व्हा. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. विंडोजच्या स्वतःच्या फाइलींची मालकी अशी सरसकट बदलली, तर त्या डिस्कवरून कॉम्प्युटर पुन्हा नीट चालू होईलच असं नाही. शिवाय कुठल्या फोल्डरवर आधी काय नियम होते, हे कायमचं पुसलं जातं. मी फक्त मामांच्या फोल्डरपुरतं बघितलं. ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन मालक म्हणून माझं खातं निवडलं, आतल्या सगळ्या फोल्डरांनाही तेच लागू केलं आणि स्वतःला फक्त वाचायची परवानगी दिली. बदलायची दिली नाही, कारण ती डिस्क म्हणजे एकमेव प्रत होती. मग सगळं माझ्या डिस्कवर कॉपी केलं. कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या फोल्डरचे नियम घेते, त्यामुळे पुढं काही अडलं नाही. फाइली एनक्रिप्ट केलेल्या असत्या तर मालकी घेऊनही त्या उघडल्या नसत्या. त्यांची किल्ली जुन्या खात्यात असते.

हिशेब मिळाल्याचं कळवलं तेव्हा मामा खूश झाले, आणि लगेच म्हणाले, "म्हंजे माझा पासवर्ड न घालताबी तू समदं बघितलंस? मग दुसरं कोणबी बघंल की!"

मामांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. परवानग्यांचा बंदोबस्त एका कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसांमध्ये चालतो. डिस्क काढून दुसरीकडे नेली, की तिथला ॲडमिनिस्ट्रेटर मालक होऊ शकतो. अडतीच्या हिशेबात शेतकऱ्यांची बँक खाती असतात, उचल असते. ती उघडी पडणं म्हणजे विश्वासाचा प्रश्न.

दिवाळीत सांगलीला जाऊन नवा कॉम्प्युटर लावून दिला. ॲडमिनिस्ट्रेटरचं खातं वेगळं ठेवलं. रोजच्या कामाला सगळ्यांना साधी खाती. हिशेबाच्या फोल्डरवर मामांना आणि दिवाणजींना बदलायची परवानगी, मामेभावाला नुसती वाचायची. 'डिनाय'च्या रकान्याला हात लावला नाही. एकाच पातळीवर 'डिनाय' आणि 'अलाऊ' दोन्ही असले तर 'डिनाय' वरचढ ठरतं, आणि 'एव्हरीवन'पुढे ती खूण केली तर मालकही बाहेर बसतो. मामींच्या फोटोंना वेगळा फोल्डर केला. त्यांनी तो घरात सगळ्यांना खुला ठेवायला सांगितलं.

विंडोज प्रो मुद्दाम घेतलं होतं, म्हणून बिटलॉकरनं पूर्ण डिस्क एनक्रिप्ट करता आली. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की मामांनी स्वतः दोन कागदांवर उतरवून घेतली आणि एकेक आकडा वाचून ताळा केला. एक कागद त्यांनी माडीवरच्या कपाटात ठेवला. दुसरा माझ्याकडे देत म्हणाले, "ह्यो साताऱ्यालाच राहू दे. हितं पाण्याचा नेम नाही."