साडेदहाचं इंजेक्शन

आमच्या गोव्यातल्या मये गावात लग्नाला काही वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, की कुणी ना कुणी देवी महामायेपुढे गाऱ्हाणं घालायला सांगतं. सासूबाईंनी घातलं, मीही हात जोडले. पण मी ज्यांचं देणं लागते, त्यांत पहिल्या आमच्या वाड्यावरच्या काकी. उभा जन्म नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या.

बीजांडं वाढवणारी इंजेक्शनं रोज ठरल्या वेळी पोटाच्या कातडीखाली घ्यावी लागतात. नवऱ्याला सुई बघूनच घाम फुटायचा. काकी दिवाबत्ती आटोपून यायच्या, कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडायच्या, पोटाची घडी चिमटीत धरायच्या. ‘‘भियेनाका गो बाय.’’ वाटेत कुणी हटकलंच, तर सासूबाईंचं बीपी बघायला जाते म्हणून सांगायच्या. सुई काय, कुणीही शिकून टोचेल. पण दुसरीच्या घरची गोष्ट इतके दिवस पोटात ठेवायची, तीही मयेसारख्या गावात!

त्या भुकटीचा उगम मी मागाहून वाचला. पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत बीजांडं वाढवणारी संप्रेरकं भरपूर असतात. इटलीत शास्त्रज्ञ पिएरो डोनिनी यांनी ती वेगळी काढली. पुढे डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड यांच्या खटपटीने तिथल्या मठांतल्या वयस्कर नन्सची लघवी गोळा होऊ लागली आणि 1962 साली इस्रायलमध्ये या औषधाच्या आधाराने पहिलं मूल जन्माला आलं. काकींना सांगितलं तर हातातली सिरिंज तशीच धरून त्या हसत सुटल्या. ‘‘माद्रींची? आणि ती आम्ही तुला टोचतो?’’ मग गंभीर होऊन म्हणाल्या, त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलं तरी असेल का, पुढे काय झालं ते.

शेवटचं इंजेक्शन मात्र मिनिटावर असतं. ते दिल्यापासून साधारण 36 तासांनी बीजांडं काढावी लागतात; उशीर झाला तर ती सुटून जातात, हाती लागत नाहीत. आमची वेळ रात्री साडेदहाची. नेमका धो धो पाऊस, वीज गेलेली. काकी छत्री घेऊन दहालाच येऊन बसल्या आणि मोबाईलच्या उजेडात घड्याळावर नजर ठेवून सुई दिली.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2023 पासून टेस्टट्यूब बाळाचे हे उपचार मोफत होतात. आमच्यासारख्यांना खाजगीचा खर्च झेपला नसता. बीजांडं काढायच्या सकाळी पोटात पाण्याचा थेंब नाही. चोडणहून फेरीबोटीने रायबंदर, तिथून पुढे. काकी सोबत होत्याच. गुंगीचं औषध दिलं की पुढचं आपल्याला कळत नाही: योनीमार्गातून सोनोग्राफीच्या आधाराने सुई आत जाते, बीजांडकोषातल्या एकेका पुटकुळीतलं पाणी नळीत ओढलं जातं आणि त्यात बीजांड आहे का, ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधतात. जागी झाले तेव्हा पाळीत येते तशी कळ होती आणि काकी माझी चादर नीट करत होत्या.

संप्रेरकं देऊन बीजांडं वाढवायची, योनीमार्गाकडून काढायची, भ्रूण गोठवून ठेवायचा, हे सगळं कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी 1978 मध्येच केलं होतं. 3 ऑक्टोबरला त्यातून दुर्गा नावाची मुलगी जन्मली. सरकारी समितीने मुखर्जींना खोटं ठरवलं, नेत्ररोगांच्या संस्थेत बदली झाली. 1981 मध्ये त्यांनी जीव दिला. पुढे 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली आणि देशातलं पहिलं टेस्टट्यूब बाळ म्हणून मान तिला मिळाला. त्या कामात डॉ. इंदिरा हिंदुजांबरोबर असलेल्या डॉ. आनंद कुमार यांनी नंतर मुखर्जींची टिपणं वाचली आणि 1997 मध्ये जाहीर लिहिलं की पहिला मान मुखर्जींचा. स्वतःच्या गळ्यातला हार असा काढून देणारा माणूस मला मुखर्जींइतकाच मोठा वाटतो.

हे लिहिताना काकींचं नाव घालू का, म्हणून विचारायला गेले. त्या फणस कापत होत्या. तेलाचा हात वर करून म्हणाल्या, ‘‘माझं कित्याक? त्या बंगाली डॉक्टराचं घाल. आणि बस, गरे खाऊन जा.’’