तारुण्याचे कांटे

मनुष्याची आपल्या चेहऱ्याशीं खरी ओळख सोळाव्या-सतराव्या वर्षीं आरशापुढें होते, आणि ती फारशी सुखाची नसते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गांत मीं हें पुष्कळदां पाहिलें आहे. कोणी मुलगी गाल ओढणीआड ठेवून बसते. कोणी मुलगा उत्तर ठाऊक असूनहि उभा राहत नाहीं. कारण अज्ञान नव्हे; कारण गालावरचे चार-दोन मुरूम!

हें दुःख प्राचीन आहे. सुश्रुतानें या पीटिकांना सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आणि नांव दिलें 'मुखदूषिका.' उपमा अचूक आहे. पण नांव ऐकून चेहरा मळला आहे असा समज व्हावयाचा. मग लिंबू, टूथपेस्ट आणि खरखरीत पंचा यांचे प्रयोग सुरू होतात. वस्तुतः मुरूम मळानें येत नाहींत. वयांत येतांना अंतःस्रावांच्या प्रभावानें त्वचेंतील ग्रंथि अधिक तेल निर्माण करतात, मृत पेशींनीं रंध्रांचीं तोंडें बुजतात, आंत जंतु वाढतात आणि दाह होतो. हा व्यवहार कातडीच्या आंत चालतो. वरून घासल्यानें तो अधिकच चिडतो.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून मिळणाऱ्या फेसवॉशशीं माझें वैर नाहीं. मात्र बाटलीच्या पुढची जाहिरात सोडून मागचीं बारीक अक्षरें वाचावीं. तेथें सॅलिसिलिक ॲसिड अर्धा ते दोन टक्के असेल, तर तें बुजलेलीं रंध्रें मोकळीं करतें. बेन्झॉइल पेरॉक्साइड असेल, तर तें जंतूंना मारतें, आणि टॉवेलाचा रंगहि उडवतें! दुसऱ्याचें प्रमाण अडीच ते दहा टक्के असतें. आरंभ सौम्यापासूनच करावा, आणि दोन्ही एकदम सुरू करूं नयेत. अमेरिकेच्या औषधनियंत्रण खात्यानें २०१४ सालीं इशारा दिला कीं, या द्रव्यांनीं क्वचित् तीव्र ॲलर्जी होते. म्हणून पहिले तीन दिवस थोड्याशा जागेवरच लावून पाहावें. तोंड सुजलें किंवा श्वास कोंडला, तर तत्काळ इस्पितळ गांठावें. एरव्हीं कोमट पाणी, बोटांचीं टोकें आणि नंतर साधें मॉइश्चरायझर एवढें पुरें.

खरें कठीण पथ्य निराळेंच आहे. गुण दिसण्यास सहा-आठ आठवडे लागतात, आणि सतरा वर्षांच्या जिवाला तें एक युग वाटतें! या अधीरतेवरच स्टेरॉइडयुक्त मलमांचा व्यापार चालतो. त्यांनीं आधीं चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग कातडी पातळ होते आणि मुरूम दुणावतात. २०१८ सालीं सरकारनें अशा अनेक मलमांची चिठ्ठीवांचून विक्री मना केली. पण मैत्रिणीनें हातीं दिलेल्या ट्यूबला कायदा कोठून आडवा येणार?

"वयाचें आहे, जाईल आपोआप," हें वडीलधाऱ्यांचें वाक्य अर्धेंच खरें आहे. मुरूम बहुधा जातात. नखानें फोडल्याचे वण मागें राहतात. खोल, दुखऱ्या गाठी असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे मुलांना वेळेवर नेणें हें घरच्यांचें काम आहे. आणि मुलांना माझें एवढेंच सांगणें: चेहऱ्यानें कांहीं अपराध केलेला नाहीं. त्याला शिक्षा करूं नका. तान्ह्या बाळाला न्हाऊं घालतांना जसा हात हलका होतो, तशा हातानें तो धुवा.