जनरल वैद्यांची चाळीस वर्षं

उल्हासनगर, कॅम्प नं. ४

प्रिय बंड्या,

तुझा निरोप मिळाला. नातवाला शाळेत आपल्या मुलखातल्या सेनानीवर लिहायचंय आणि पठ्ठ्याने अलिबागचे जनरल अरुणकुमार वैद्य निवडलेत, हे वाचून बरं वाटलं. पण शोधून शोधून त्याच्या हाती दोनच गोष्टी लागल्या म्हणतोस: ऑपरेशन ब्लू स्टार आणि पुण्यातला खून. अरे, मग माणसाने चाळीस वर्षं फौजेत काढली ती गेली कुठे? अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेल्या माणसाला तू हे विचारलंस, तेव्हा आता निमूटपणे वाच.

वैद्यांचा जन्म २७ जानेवारी १९२६चा. कॉलेज मुंबईत, एल्फिन्स्टनला. १९४५ साली ते रणगाडा दलात अधिकारी झाले. त्या वेळी आपलं हे गाव म्हणजे नुसती लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. आपण दोघं ज्या बराकींच्या गल्ल्यांतून क्रिकेट खेळलो, त्या सैनिकांसाठी बांधलेल्या. फाळणीनंतर सिंधहून आलेली कुटुंबं त्यांत राहायला आली आणि १९४९ साली गावाला उल्हासनगर नाव मिळालं. आपल्या बाजूच्या बराकी आता गेल्या, तिथे इमारती उठल्या. पत्त्यात कॅम्पचा नंबर मात्र अजून लागतोच.

आता १९६५. वैद्य तेव्हा लेफ्टनंट कर्नल, डेक्कन हॉर्स रेजिमेंटचे कमांडर. सप्टेंबरात पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन पंजाबात खेमकरणच्या बाजूने आत घुसली. मनसुबा असा की बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसरची वाट तोडायची. त्यांच्याकडे अमेरिकी पॅटन रणगाडे, वैद्यांच्या रेजिमेंटकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. चिलखत पातळ, तोफ लहान. उघड्या मैदानात पॅटनसमोर उभं राहणं शर्मनला झेपलं नसतं, म्हणून आपल्या फौजेने उघडं मैदान दिलंच नाही. असल उत्तर गावाभोवती घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबंदी केली, उभ्या उसात रणगाडे दडवले आणि शेतांत पाणी सोडलं. पॅटन त्या चिखलात रुतले. वळायला जागा नाही, समोरचं दिसत नाही आणि उसातून कुशीवर गोळे येतायत. १० सप्टेंबरपर्यंत त्यांचे नव्वदच्या वर रणगाडे निकामी झाले किंवा आपल्या हाती लागले. भिखीविंडजवळ ते ओळीने मांडून ठेवले, त्या जागेला लोक पॅटननगर म्हणायला लागले.

या लढाईत पॅटन उडवणारा अब्दुल हमीद आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, आणि ते योग्यच. पण तिथे शर्मनच्या रेजिमेंटचा कमांडर अलिबागकर होता, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असेल? वैद्यांना महावीर चक्र मिळालं.

सहा वर्षांनी, १९७१मध्ये, ते ब्रिगेडियर होते. शकरगढ भागात १६ इंडिपेंडंट आर्मर्ड ब्रिगेड त्यांच्या हाताखाली. तिथली अडचण निराळीच. पुढे जायचं तर एकामागून एक सुरुंगांचे पट्टे ओलांडायचे. इंजिनियर दलाचे जवान रात्री वाट साफ करणार आणि उजाडायच्या आत त्या अरुंद वाटेने रणगाडे पलीकडे न्यायचे. पलीकडे पायदळ एकटं सापडलं तर शत्रूच्या रणगाड्यांपुढे त्याचा निभाव लागत नाही. बसंतर नदीची लढाई ही अशी झाली. याच ब्रिगेडमधल्या पूना हॉर्सचा अरुण खेत्रपाल, पुण्यात जन्मलेला २१ वर्षांचा पोरगा, १६ डिसेंबरला तिथे पडला आणि परमवीर ठरला. वैद्यांना दुसऱ्यांदा महावीर चक्र. हा मान दोनदा मिळालेले बोटांवर मोजण्याइतकेच.

१९८३ साली ते लष्करप्रमुख झाले. सेवाज्येष्ठतेने ले. जनरल एस. के. सिन्हा पुढे होते, पण सरकारने त्यांना डावललं आणि सिन्हांनी राजीनामा दिला. हे खातं असंच आहे. १९६१ साली तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी आपल्या जागी कोल्हापूरच्या शंकरराव थोरातांची शिफारस केली होती, नेमले गेले थापर. दिल्लीच्या मर्जीने एका मराठी माणसाची संधी गेली आणि दुसऱ्याला मिळाली. नातवाने हेही लिहावं.

मग १९८४. एप्रिलात आपली फौज सियाचिनवर चढली, जूनमध्ये अमृतसरच्या सुवर्णमंदिरात शिरली, तेच ब्लू स्टार. हे सांगताना उल्हासनगरातल्या माणसाची जीभ जरा अडखळते. आपल्या शेजारच्या सिंधी घरांत गुरू नानकांची तसबीर असायची, टिकाण्यात, म्हणजे त्यांच्या मंदिरात, गुरू ग्रंथसाहिबाचा पाठ चालायचा, आणि आपण पोरं प्रसादाला पहिल्या रांगेत. सुवर्णमंदिरात रणगाडा गेला याचं दुःख होणारी आणि तिथल्या अतिरेक्यांना बाहेर काढलंच पाहिजे म्हणणारी माणसं एकाच गल्लीत राहत होती. कारवाईचा निर्णय सरकारचा, पण प्रमुख म्हणून जबाबदारी वैद्यांची. ती त्यांनी दुसऱ्यावर ढकलली नाही.

३१ जानेवारी १९८६ला ते निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झाले. १० ऑगस्टला बाजारातून परतताना ते स्वतः गाडी चालवत होते, पत्नी भानुमती शेजारी. ब्लू स्टारचा सूड म्हणून मोटरसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. वैद्य गेले, भानुमतीबाई जखमी झाल्या. मारेकरी सुखा आणि जिंदा यांना ९ ऑक्टोबर १९९२ला येरवड्यात फाशी झाली. वैद्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं आणि गोरेगावात एका रस्त्याला त्यांचं नाव. त्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कुणाला तरी विचारून बघ, हे वैद्य कोण!

अलीकडे नरवणे आणि मग मनोज पांडे असे लागोपाठ दोन मराठी लष्करप्रमुख झाले, त्यामुळे लोकांना थोडं कौतुक वाटायला लागलंय. पण दोन युद्धांत रणगाड्यांसह आघाडीवर राहून त्या खुर्चीपर्यंत गेलेला मराठी माणूस वैद्यच.

नातवाला सांग, ब्लू स्टार अजिबात झाकायचं नाही. फक्त निबंधाची सुरुवात तिथून करायची नाही. सुरुवात असल उत्तरच्या उसापासून कर म्हणावं. आणि शाळेत देण्याआधी एकदा मला पाठव. पॅटनच्या जागी शर्मन पडलेला मला खपायचा नाही.

तुझा,
बाळ्या