धाकटी गाडी

आमच्या सोमेश्वरनगरात आगगाडी येत नाही. इथे वेळ सांगतो तो साखर कारखान्याचा भोंगा. गाडीची शिट्टी ऐकायची हौस असेल तर नीरेच्या स्टेशनापर्यंत जावे लागते. आमच्या घरात मात्र माझ्या जन्मापासून एक आगगाडी धावते आहे. ती धावते आईच्या बोलण्यातून.

आईचे माहेर बार्शीचे. 1971 साली लग्न होऊन ती नीरेकाठी आली. माहेरी जायचे म्हणजे बारामतीहून दौंड, दौंडहून मोठ्या गाडीने कुर्डुवाडी, आणि तिथे बार्शीची धाकटी गाडी. "कुर्डुवाडीला उतरलं की माझं माहेर लागलं," असे ती अजूनही म्हणते. बार्शी तिथून चांगली वीस-बावीस मैल दूर. पण धाकट्या गाडीत पाऊल ठेवले की तिला भोवतालची माणसेसुद्धा माहेरची वाटत. गंमत अशी, की जाताना ती गाडी फार सावकाश चाले आणि येताना फार लवकर पोचे. गाडीचा वेग तोच असे, हे कळायला मला स्वतःच्या मुलीला शिक्षणासाठी पुण्याला सोडून यावे लागले.

ही गाडी म्हणजे बार्शी लाईट रेल्वे. मुंबईहून मद्रासकडे जाणारा मोठा मार्ग बार्शीला बाजूला टाकून गेला. तेव्हा एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीचे रूळ टाकून 1897 साली बार्शीला या मार्गाशी जोडून दिले. एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडू द्यायचा नाही, हे त्याचे सूत्र. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले आणि तरीही डबे प्रशस्त ठेवता आले. पुढे ही गाडी 1906 साली पंढरपूरला, 1911 साली लातूरला आणि 1927 साली मिरजेला पोचली. किती वारकरी तिने विठोबाच्या पायांशी नेऊन सोडले असतील, याचा हिशेब त्या विठोबालाच ठाऊक!

लहानपणी त्या गाडीत खिडकीपाशी बसण्यासाठी मी भांडत असे. डोळ्यात कोळशाचा कण गेला की आई पदराचा बोळा करी, त्यावर फुंकर घाली आणि ऊन झालेला तो बोळा डोळ्यावर धरी. पदराच्या त्या उबेसाठी मी कधीकधी कण गेला नसतानाही डोळा चोळीत असे, हे आज कबूल करायला हरकत नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात तो मार्ग रुंद झाला आणि धाकटी गाडी गेली. मी वर्गात त्यावर एक लांबलचक उसासा टाकला. मराठीच्या प्राध्यापकाला एवढेच येते! आई मात्र म्हणाली, "बरं झालं. लोकांची सोय झाली. कुर्डुवाडीला वझी उतरवून चढवायला नकोत." मी ओशाळलो. हळहळ करण्याचा अधिकार जिचा होता, ती सोय पाहत होती. आणि ज्याला त्या गाडीने कधी रडवले नव्हते, तो मी हळहळत होतो.

पण 2019 च्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता तिने विचारले, "अरे, तसली गाडी आता कुठंच ऱ्हायली न्हाई का?"

मी ऐटीत म्हणालो, "आहे की! माथेरानला. दिवाळीच्या सुट्टीत नेतो तुला."

त्याच पावसाळ्यात माथेरानच्या घाटातला मार्ग पावसाने उखडून टाकला. गाडी बंद पडली. मागोमाग करोनाची साथ आली. 2021 साली त्या साथीत बार्शीचा मामा गेला. आईला शेवटचे दर्शनही झाले नाही. तेव्हापासून तिने बार्शीचे नाव टाकले. मामी फोनवर बोलावी, आई "बघू" म्हणे आणि विषय बदली. "भाऊ न्हाई तिथं कसलं माहेर?" एवढेच एकदा बोलली. त्या दोन वर्षांत तिचे गुडघेही गेले.

22 ऑक्टोबर 2022 रोजी माथेरानची गाडी पुन्हा सुरू झाल्याची बातमी वाचली तेव्हा मला आनंदापेक्षा भीती अधिक वाटली. गाडी दुरुस्त झाली होती, पण आईचे गुडघे कोण दुरुस्त करणार? तरीही पुढच्या जानेवारीत, तपासायचे पेपर बाजूला सारून, आम्ही निघालो. नेरळला मुक्काम केला आणि भल्या सकाळी मी तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो.

गाडी फलाटाला लागली. आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले, जणू मुलीसाठी आलेले स्थळ पाहते आहे! मग म्हणाली, "आपली यापेक्षा थोडी मोठी हुती."

ती बरोबर होती. माथेरानचे रूळ दोन फुटी, बार्शीचे अडीच. सहा इंचांचा तो फरक तिने पन्नास वर्षांनी डोळ्यांनी मोजला.

सर आदमजी पीरभाय यांच्या पैशातून त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात हा मार्ग बांधला. सोळा लाख रुपये खर्च आला. एकवीस किलोमीटरच्या या वाटेला गाडी अडीच तासांहून अधिक वेळ घेते. जुम्मापट्टी, वॉटर पाईप, अमन लॉज अशी एकेक स्टेशने मागे पडत होती. वळणावर आपल्याच गाडीचे इंजिन खिडकीतून दिसे. जिथे डोंगर खचला होता, तिथे तारेच्या जाळ्यांत दगड भरून नव्या भिंती रचलेल्या होत्या. एका स्टेशनावर गाडी थांबली असता रुळावर काम करणारा एक तरुण घाम पुशीत उभा होता. आईने खिडकीतून विचारले, "पावसाळ्यात हे सगळं कोण बघतं रे बाबा?"

"आम्हीच, मावशी," तो हसून म्हणाला. आईने पिशवीतला एक तिळाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला.

माथेरानमध्ये तिने एकही 'पॉइंट' पाहिला नाही. माणसाने माणसाला ओढायचे हे न पटल्याने हातरिक्षात बसायला तिने साफ नकार दिला. स्टेशन तिथल्या बाजारातच आहे. आम्ही तांबड्या मातीतून चार पावले गेलो, चिक्की घेतली आणि परत येऊन बाकावर बसलो. तिथे मोटारींना बंदी आहे, म्हणून गाडीला अजून खरेखुरे काम आहे. हमाल सामान उचलीत होते, चपलांची दुकाने उघडी होती, माकडे कुणाचा तरी खाऊ पळवीत होती. गाडी बंद असताना या दुकानदारांनी ते दिवस कसे काढले असतील, असे माझ्या मनात आले. जुन्या गोष्टी केवळ आपल्या उसाशांवर जगत नाहीत. कुणीतरी दर पावसाळ्यानंतर दगड भरावे लागतात, आणि कुणालातरी त्या गोष्टीची गरज असावी लागते.

आई बराच वेळ रुळांकडे पाहत होती. मला वाटले, आता ती मामाविषयी बोलेल. ती म्हणाली, "एवढा डोंगर खचला, तरी लोकांनी वाट सोडली न्हाई."

घरी आल्यावर पाय न धुताच तिने फोन मागितला. पलीकडे मामी होती. दोघी आधी काहीच बोलेनात. मग दोघींनाही रडू फुटले. शेवटी आई म्हणाली, "वैनी, मी येते. शिवरात्रीच्या आत येते."

आम्ही गेलो. दौंडहून कुर्डुवाडी, कुर्डुवाडीहून बार्शी. आता तिकडेही मोठीच गाडी जाते. आईने खिडकीपाशी बसून सगळी वाट पाहिली. बार्शी जवळ आली तशी ती मला म्हणाली, "लई सावकाश चाललीय रे ही गाडी!"